आधी छप्पर, मग सही

अगं, पेट्या आधी आत घे. जिन्यात ठेवल्यास तर वरच्या मजल्यावरच्या वहिनी विचारत येतील, आणि आज तुला कुणाला उत्तरं द्यायची नाहीत. अंबाल्यापासून दोन रात्री बसून आलीस. पोराला झोपू दे. तू चहा घे. रडायचं असेल तर रड, पण चहा निवायच्या आत. मग मी सांगते ते ऐक, आणि वहीत लिहून घे. माझ्या सासूबाईंनी पापडाच्या खाराचं प्रमाण तोंडी सांगितलं होतं, मी लिहून घेतलं नाही, ते आजतागायत चुकतंय.

फोनवर म्हणालीस, ‘मावशी, आम्ही सेपरेट झालो.’ पोरी, हा शब्द फौजेत जपून वापर. तिथे सेपरेटेड फॅमिली म्हणजे नवरा फील्डवर आणि बायकोपोरं मागे राहिलेली. त्यांच्यासाठी एसएफ क्वार्टर असतात. तुझे काका लेहला होते तेव्हा मी तसल्याच क्वार्टरात राहिले होते. तू जाऊन ‘मी सेपरेटेड आहे’ म्हणालीस तर बाबू विचारेल, साहेबांची फील्डची पोस्टिंग ऑर्डर कुठाय? नवराबायकोचं फाटलं म्हणून देण्यासारखं क्वार्टर फौजेकडे नसतं. फौजेला दोनच गोष्टी कळतात: ही याची फॅमिली आहे, किंवा नाही. मधलं काही नाही. आणि तू नेमकी मधे उभी आहेस. म्हणून पहिली गोष्ट मनात घट्ट धर. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तू बायकोच आहेस. डिपेंडंट कार्ड, दवाखाना, कॅन्टीन, पोराची शाळा, सगळं त्याच नात्यावर चालतं. घराचं जे काही पदरात पाडून घ्यायचं ते याच काळात. सही त्यानंतर.

या टेबलाशी तुझ्याआधी चौघी बसून गेल्यात. त्यांच्या चुकांवरच मी शहाणी झाले आहे, काही वकिलीण नाही मी.

त्यातली पहिली क्वार्टरसाठी भांडत बसली. वर्षभर. क्वार्टर सरकारचं, मिळालेलं त्याच्या नंबरावर आणि त्याच्या रँकवर. त्याची बदली झाली की एमईएसचा माणूस येणार, मार्चिंग आउट करणार, पंखे मोजणार, खिडकीची काच तडकली असेल तर बॅरेक डॅमेज लावणार. तुझ्या नावाचा त्यात कागदच नाही. आपण बावीस-बावीस वर्षं त्या भिंतींना चुना लावतो, अंगणात कढीपत्ता लावतो, पण ते घर नव्हे पोरी, तो मुक्काम. तेव्हा त्या क्वार्टरवर जीव अडकवू नकोस. त्याबदली भाडं माग. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे ना, त्याच्या कलम 19 मध्ये राहण्याचा आदेश मागता येतो, आणि त्यातच म्हटलंय की नवऱ्यानं बायकोला पूर्वीच्याच तोलाची दुसरी जागा द्यावी, नाहीतर तिचं भाडं भरावं. वकिलाला अर्जात हे वाक्य घालायला लावच. पुष्कळ वकील पोटगी मागतात आणि भाडं विसरतात. शिवाय तू क्वार्टर सोडल्यावर त्याला घरभाडे भत्ता सुरू होऊ शकतो. त्याची पगाराची स्लिप कोर्टात मागवली की ते दिसेल.

आता स्टीलचा डबा. तो आणलास का? हसू नकोस, दुसरी पोर दागिने घेऊन आली होती आणि कागद तिकडेच राहिले. नवऱ्याचा आर्मी नंबर, रँक, युनिट आणि एपीओचा पत्ता तुला पाठ आहे का? पाठ असला तरी लिही. लग्नाचा आणि पोराच्या जन्माचा पार्ट टू ऑर्डर झालाय का, ते बघ. झाला असेल तर रेकॉर्ड ऑफिसात तू आणि पोर दोघंही नोंदलेले आहात, मग ‘ही माझी बायकोच नाही’ असं म्हणायची सोय उरत नाही. रेकॉर्ड ऑफिस कुठलं ते रेजिमेंटवर ठरतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोपखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. जावईबापू तोपखान्यात, म्हणजे तुझं पत्र नाशिक रोडला आणि युनिटच्या सीओ साहेबांना, दोन्हीकडे स्पीड पोस्टानं. (बघ, जावईबापू म्हणायची सवय अजून सुटत नाही.)

त्या पत्रात काय मागायचं? आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 91. अधिकारी असेल तर 90. या कलमाखाली बायकोच्या आणि मुलांच्या पोटगीसाठी फौज स्वतःच पगारातून रक्कम कापून देऊ शकते, कोर्टाची वाट न बघता. 2001 ची एक आर्मी ऑर्डर आहे, तिच्यात माप दिलंय: बायकोला जास्तीत जास्त 22 टक्के, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के, आणि सगळं मिळून 33 टक्क्यांच्या वर नाही. आता गणित कर. त्याचे पगार-भत्ते मिळून 45 हजार धर. तुझे 9,900, पोराचे 2,475. झाले 12,375. हा कमाल आकडा हं, मिळेलच असं नाही. त्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकतात, मग कागद वरच्या हेडक्वार्टरला जातो. महिने लागतात. पण बाहेरच्या कोर्टाचा नुसता हुकूम घेऊन पगारावर जप्ती आणायला गेलीस तर आर्मी ॲक्टचं कलम 28 आडवं येतं, म्हणून फौजेचं दार आधी ठोठाव. कोर्टातही अर्ज कर, दोन्ही चालतं. मात्र दोन्हीकडून दुप्पट मिळेल असं स्वप्न बघू नकोस, एकातली रक्कम दुसऱ्यात वळती होते. आणि त्या कलमात शब्द ‘बायको’ असा आहे. घटस्फोटाचा निकाल लागला की तुझे 22 टक्के मागायला तू बायको राहत नाहीस. मी सही नंतर, सही नंतर म्हणून का ओरडते ते कळलं?

नवरा नेव्हीत असता तर नेव्ही ॲक्टचं कलम 31 बघावं लागलं असतं. उरण-करंजाकडच्या पोरी येतात तेव्हा त्यांना ते सांगते. तुला नको.

पत्रात शिव्या लिहू नकोस. जे झालं तेवढंच, तारखेनिशी. तिसरीनं रागाच्या भरात न घडलेलंही लिहिलं, त्याची चौकशी लागली, आणि नोकरीच जाते की काय अशी पाळी आली. नोकरी गेली असती तर भाडं कुणी भरलं असतं? त्याचा पगार चालू राहणं ही आता तुझीही गरज आहे. हे ऐकायला कडू लागतं, पण हिशेब असाच आहे. मारहाण झाली असेल तर ती मात्र लपवू नकोस, सिव्हिल हॉस्पिटलचा कागद जप.

कोर्ट कुठलं, म्हणून घाबरली होतीस ना? अंबाल्याला किंवा त्याच्या पुढच्या पोस्टिंगच्या गावी जायची गरज नाही. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात, बाई जिथे तात्पुरती राहत असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही अर्ज चालतो. पोटगीचा अर्ज, जो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 खाली व्हायचा आणि 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या 144 खाली होतो, तोही तू राहतेस तिथे. म्हणजे पनवेल. इथल्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिच्याकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फुकटचा वकील म्हणजे वाईट वकील असं काही नसतं. तुझ्याआधीच्या एकीला फार चांगली बाई मिळाली होती.

पण वेळेचं सोंग आणता येत नाही. कायदा म्हणतो, अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रयत्न. त्यात तो सीमेवर असला तर 1925 चा एक जुना कायदा आहे सैनिकांच्या खटल्यांचा, त्याखाली युनिटचा दाखला आला की काही प्रकारची प्रकरणं पुढे ढकलली जातात. यात त्याची लबाडीच असेल असं नाही, सीमेवरच्या माणसाला तारखेला कसं येता येईल? तेव्हा अंतरिम आदेश माग, आणि सहा महिन्यांचं भाडं हाताशी ठेव. ते कुठून आणायचं ते आपण रात्री बोलू. माझी एक एफडी आहे. मधे बोलू नकोस.

आता त्या फ्लॅटचं बघू. खारघरचा फ्लॅट ‘आमचा’ म्हणतेस. कुणाच्या नावावर? ‘सोसायटीत माझं नाव आहे’ म्हणजे काय, नॉमिनी म्हणून? नॉमिनी म्हणजे मालकीण नव्हे. उद्या सकाळी नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून इंडेक्स टू काढू, त्यात खरेदीदार म्हणून कुणाकुणाची नावं आहेत ते स्वच्छ दिसतं. तुझं नाव असेल तर त्याला एकट्याला अख्खा फ्लॅट विकता येणार नाही. नसेल तरी हात टेकू नकोस. तुम्ही तिथे एकत्र राहिला होतात ना, सुट्टीत का होईना? मग कोर्टाकडे मागता येतं की यानं हा फ्लॅट विकू नये, गहाण ठेवू नये. पोटगीचा आदेश नंतर वाढवून घेता येतो, विकलेलं घर परत येत नाही. म्हणून अर्जात हे सगळ्यात वर.

आणि समजुतीनं वेगळं व्हायचं ठरलं, तर ऐक. परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात साधारण सहा महिने जातात. तो काळ सोन्याचा. नवऱ्यानं बायकोला राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक फक्त 200 रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. हे नवरा-बायको असेपर्यंतच. निकालानंतर तू परकी, मग हिशेब वेगळा. बँकेचं कर्ज फिटलेलं नसेल तर आधी बँकेची संमती लागेल, आणि जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची असली तर सिडकोचीही परवानगी. चौथ्या पोरीला ‘निकाल लागू दे, मग घर नावावर करतो’ असं सांगितलं होतं. तिनं विश्वास ठेवला. माणूस वाईट नव्हता गं, त्याचं दुसरं लग्न झालं, मग त्याच्या हातात काही राहिलं नाही.

गावच्या घराचंही विचारलंस. सासरचं गाव महाडकडचं फौजी आंबवडे असो की साताऱ्याचं अपशिंगे, जिथे घरटी फौजी असतो तिथे सासू-सासरे एकच म्हणतात: घर आमचं, मुलाचं नाही, तू नीघ. 2006 च्या एका निकालानं त्यांना तसं म्हणायला बळ मिळालं होतं. 2020 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं तो अर्थ बदलला. घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी लग्नानंतर तू तिथे संसार म्हणून राहिली असशील तर ते तुमचं सामायिक घर धरता येतं, आणि कायदेशीर मार्गाशिवाय तुला बाहेर काढता येत नाही. म्हाताऱ्यांच्या हक्काचाही विचार कोर्ट करतं, तेव्हा हा हक्क दगडावरची रेघ समजू नकोस. आणि खरं सांगू? हक्क आहे म्हणून तिथे जाऊन राहावंच असं मला वाटत नाही. पोराची पाचवी आहे. रोज ज्या घरात तोंड फिरवलं जातं तिथे तो अभ्यास काय करणार. हक्काचा उपयोग घासाघीस करायला कर.

तर भाड्याची खोली. इथे माझी खरी वकिली चालते. 1996 साली आम्ही नवीन पनवेलला आलो तेव्हा स्टेशनपलीकडे भातखाचरं होती, आता विमानं उडतात. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि घरमालकांना वाटतंय की प्रत्येकाच्या गच्चीवरच धावपट्टी आहे. भाव सांगतील तो ऐकायचा, द्यायचा नाही.

नवीन पनवेल आणि खांदा कॉलनी बाईमाणसाला सोयीचं. स्टेशन चालत, रात्री दहालाही रस्त्यावर माणसं. कामोठ्यात गर्दी फार, पण खोल्या चटकन मिळतात आणि मानसरोवर, खांदेश्वर ही दोन स्टेशनं जवळ. कळंबोलीत लोखंड बाजार, ट्रक, आणि पावसाळ्यात पाणी साचतं, तळमजला घेऊ नकोस. जुन्या पनवेलात बाजार हाताशी, मिरची गल्लीतून मसाला घेऊन पाच मिनिटांत घरी, पण गाढी नदीच्या कडेला जायचं नाही. सुकापूर, विचुंबे, आकुर्लीकडे भाडं उतरतं. तिथे दोन प्रश्न विचारायचे. इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा दाखला, आहे का? आणि एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून येतं? करंजाडेलाही हा दुसरा प्रश्न विचार. ‘चोवीस तास पाणी’ म्हणाला तर तळमजल्याच्या बाईला विचार, मालकाला नाही. टँकर आला की ती पहिली बादली घेऊन उतरते.

करार नोंदवलेलाच हवा. नोटरी केलेला कागद दाखवून ‘हेच चालतं’ म्हणणारे एजंट पुष्कळ. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. खर्चही काही डोंगराएवढा नाही. भाडं 12 हजार, अनामत 50 हजार, अकरा महिने धर. मुद्रांक पाव टक्क्यानं साडेतीनशेच्या आत-बाहेर, नोंदणी शहरात हजार, ग्रामीण भागात पाचशे, वर एजंटची फी. हा कागद तुझ्या एकटीच्या नावानं कर. तो हातात आला की आधारचा पत्ता बदलेल, बँक ऐकेल, पोराची शाळा ऐकेल, आणि ‘ती पनवेलला राहतच नाही’ असं त्याच्या वकिलाला म्हणता येणार नाही. करारात ‘एका महिन्याच्या नोटिशीवर मालक खाली करून घेईल’ असं वाक्य असलं तर ते तीन महिने करून घे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पावती मागून घे.

सोसायटीचा सेक्रेटरी विचारेल, ‘मिस्टर कुठे असतात?’ सांगायचं, आर्मीत. खोटं आहे का? नाही. पुढचं विचारायचा त्याला हक्क नाही, आणि सांगायची तुला गरज नाही. ‘एकट्या बाईला नको’ म्हणाला तर वाद घालू नकोस, दुसरी बिल्डिंग बघ. मनात मात्र त्याला माझ्यातर्फे दोन शिव्या दे.

खोली मिळेपर्यंत इथे राहा, हे काय सांगायला हवं? पण जिला मावशी नाही तिला मी सांगते: 181 ला फोन कर. प्रत्येक जिल्ह्यासाठी सखी केंद्र असतं, तिथे चार-पाच दिवसांचा आसरा मिळतो. पुढे नोकरी लागली तर केंद्राच्या योजनेतलं सखी निवास म्हणजे नोकरदार बायकांचं वसतिगृह, तिथलं भाडं बाईच्या पगाराच्या टक्केवारीत बांधलेलं असतं, एकटीच्या खोलीला फार तर 15 टक्के. पण मुलगा मोठा असला की ती सोय अडते. तुझा दहा वर्षांचा, तेव्हा वयाची अट आधी विचारून घेऊ.

सिडको-म्हाडाच्या सोडतीचं वेड आत्ताच लावून घेऊ नकोस. 2024 च्या दसऱ्याला सिडकोनं 26 हजार घरांची योजना काढली, आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्यांनी अर्ज भरले. अशा सोडतीत माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना राखीव घरं असतात खरी, पण तीही त्याच्या नात्यावरच. आणि अट असते की अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर त्या भागात घर नसावं. त्याचा खारघरचा फ्लॅट आणि तुझं लग्न दोन्ही कायम आहे तोवर तुझा अर्ज बाद व्हायचीच भीती. आर्मी वेल्फेअर हाउसिंगची घरंही तशीच, विधवेला तिथे दार आहे, वेगळ्या झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं नाही. फौज वीरनारीचं पुष्कळ करते, करायलाच हवं. पण नवरा जिवंत आहे आणि तरी घरात नाही, अशा बाईसाठी कुणी रकाना छापलेला नाही.

पुढे कधी तुझ्या कमाईतून घेतलंस, तर खरेदीखत एकटीच्या नावानं कर. 2021 पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे. भावाचं नाव ‘आधाराला’ म्हणून घालायला जाशील तर सूटही जाईल आणि नंतर भावजयही बोलेल.

उद्या सकाळी दहाला बाहेर पडू. आधी झेरॉक्स, सगळ्याच्या पाच-पाच प्रती. मग ई-सर्च. मग कोर्टात विधी सेवाची चौकशी. येताना खांदा कॉलनीत एक वन रूम किचन आहे, पाणी मी विचारून ठेवलंय. पोराच्या बदलीचं ओएनजीसीच्या केंद्रीय विद्यालयात विचारायचं ते परवा, आधीच्या शाळेचा टीसी डब्यात आहे ना? आणि गॅसचं कनेक्शन तिकडे त्याच्या नावावर असेल, ते राहू दे. भाडेकराराची प्रत आली की तुझ्या नावानं नवीन घेऊ. तोवर माझा छोटा सिलेंडर आहे माळ्यावर, शेगडीचं बटण जरा घट्ट फिरतं एवढंच.